ग्राहकांची आणि कामगारांची माहिती ऑनलाइन ठेवताना: छोट्या-मध्यम व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानाचं बिलिंग, कारखान्याची हजेरी, क्लासची फी, होमस्टेचं बुकिंग हे सगळं आता वेबवरच्या सिस्टिममध्ये गेलं आहे. त्याबरोबर हजारो माणसांची नावं, नंबर, पत्ते, पगार आणि आधारचे फोटो व्यावसायिकांच्या ताब्यात आले आहेत. या माहितीबद्दल मालक, अकाउंटंट आणि एचआर सांभाळणारी मंडळी जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

आमची फर्म छोटी आहे, दहा-बारा माणसं. आम्हालाही डेटा संरक्षणाचा नवा कायदा लागू होतो का?

होतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. इतक्या कोटींच्या उलाढालीच्या वर किंवा इतक्या कामगारांच्या वर, अशी कुठलीही मर्यादा त्यात नाही. वहीत हाताने लिहिलेली नोंद या कायद्याच्या बाहेर राहते. तीच वही कुणी एक्सेलमध्ये उतरवली किंवा स्कॅन करून ठेवली की कायदा लागू झाला. घरगुती वापरासाठी स्वतःच्या फोनमध्ये साठवलेले नातेवाइकांचे नंबर यात येत नाहीत.

स्टार्टअपसारख्या काही गटांना केंद्र सरकार काही कलमांतून सूट देऊ शकतं, आणि हे ऐकून बरेच जण निश्चिंत होतात. पण ती सूट नोटीस देणं, माहिती अचूक ठेवणं, पुसणं अशा ठरावीक गोष्टींपुरती आहे. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्या सवलतीत येत नाही.

हा कायदा आजच पूर्ण लागू आहे का?

टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तक्रारी ऐकून दंड ठरवणारं डेटा संरक्षण बोर्ड स्थापन करण्याच्या तरतुदी लगेच लागू झाल्या. संमती, सुरक्षा, गळतीची सूचना, दंड या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत. तोवर सगळं मोकळं आहे असं मात्र नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ आणि त्याखालचे २०११ चे नियम सध्या लागू आहेत. निष्काळजीपणामुळे कुणाचं नुकसान झालं तर त्यांखाली भरपाई मागता येते. सिस्टिम बदलायला, जुन्या फायली उपसायला आणि माणसांना सवय लावायला दीड वर्षही कमीच पडतं, म्हणून आत्ताच सुरुवात करा.

वैयक्तिक माहिती म्हणजे नेमकं काय धरायचं?

जिच्यावरून एखादी व्यक्ती ओळखता येईल अशी कुठलीही माहिती: नाव, मोबाइल, ईमेल, गाडीचा नंबर, पॅन, पगार, हजेरीच्या वेळा, कॅमेऱ्यातलं चित्रण. २०११ च्या नियमांत पासवर्ड, बँक आणि कार्डाचा तपशील, आरोग्य, बायोमेट्रिक अशी संवेदनशील माहितीची वेगळी यादी आहे. नव्या कायद्यात असा भेद केलेला नाही.

मला तो भेद व्यवहारात तरी पाळावासा वाटतो. मोबाइल नंबर फुटला तर माणूस नंबर बदलू शकतो, कार्ड फुटलं तर बँक नवं देते. अंगठ्याचा ठसा फुटला तर त्या कामगाराने काय बदलायचं?

आमचा सगळा डेटा क्लाउडवर आहे. मग सुरक्षेची जबाबदारी सॉफ्टवेअर कंपनीची ना?

नाही. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ज्याने ठरवलं, त्याच्यावर कायदा जबाबदारी टाकतो, आणि ते तुम्ही ठरवलेलं असतं. सॉफ्टवेअरवाला तुमच्या वतीने काम करतो. त्याच्याकडून गळती झाली तरी बोर्डाला उत्तर तुम्हीच द्यायचं आहे.

मे २०२१ मध्ये एअर इंडियाने जाहीर केलं, की जगभरातल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती उघडी पडली आहे. त्यात नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा तपशील आणि तिकिटाची माहिती होती. घुसखोरी झाली होती ती प्रवासी सेवा यंत्रणा पुरवणाऱ्या सिटा या कंपनीच्या सर्व्हरवर. प्रवाशांना कळवायचं काम मात्र एअर इंडियाला करावं लागलं, कारण प्रवाशांनी माहिती त्यांच्याकडे दिली होती. उघडी पडलेली माहिती ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ या काळातली होती. तिकीट काढून, प्रवास करून दहा वर्षं झालेल्या माणसाचा पासपोर्ट नंबर कशासाठी जपून ठेवला होता, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या सिस्टिमसमोर बसून स्वतःला विचारावा.

नवीन सॉफ्टवेअर घेताना व्हेंडरला किंमत आणि फीचर विचारून झालं की पुढचंही विचारा. डेटा कुठल्या देशातल्या सर्व्हरवर आहे? तुमच्या सपोर्टच्या मुलांना आमचा डेटा उघडून बघता येतो का, आणि बघितला तर त्याची नोंद राहते का? करार संपल्यावर आमचा डेटा आम्हाला कुठल्या फॉरमॅटमध्ये परत मिळेल आणि तुमच्याकडून कधी पुसला जाईल? गळती झाली तर आम्हाला किती तासांत कळवाल? ही उत्तरं फोनवर ऐकून सोडून देऊ नका, करारात लिहून घ्या. नियमांनुसार सुरक्षेच्या अटी करारात असणं आवश्यकच आहे. जो व्हेंडर शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे कामगारांचे पगार ठेवू नयेत.

आमच्या पोर्टलला पासवर्ड आहे, कुलूपवाली साइट आहे. तरी माहिती बाहेर जाते कशी?

या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण बरीच गळती इथेच होते आणि तिला कुठल्याही मोठ्या हॅकरची गरज लागत नाही.

पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप एवढंच सांगतं, की तुमचा ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं वाटेत कुणी वाचू शकत नाही. सर्व्हरपर्यंत पोहोचल्यावर कुणाला काय दाखवायचं, याच्याशी त्या कुलपाचा संबंध नसतो.

एक चाचणी तुमच्या स्वतःच्या एचआर पोर्टलवर करून बघा. व्हेंडरला आधी सांगून दोन खोटे कर्मचारी तयार करा. पहिल्याच्या लॉगिनने आत जा आणि पगारपत्रक उघडा. ब्राउझरच्या पत्त्यात शेवटी १०४७ असा काही क्रमांक दिसेल. तिथे हाताने दुसऱ्या खोट्या कर्मचाऱ्याचा क्रमांक, समजा १०४८, टाका आणि एंटर दाबा. ‘परवानगी नाही’ असा संदेश आला तर ठीक. दुसऱ्याचं पगारपत्रक उघडलं, त्यावर त्याचा बँक खाते क्रमांक आणि पॅन दिसला, तर तुमच्या कंपनीतल्या प्रत्येक माणसाचा पगार कंपनीतल्या प्रत्येक माणसाला उघडा आहे. लॉगिन झालेला माणूस कोण आहे हे सर्व्हरने तपासलं, पण हे कागद त्याचेच आहेत का हे तपासलं नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत परवानग्यांमधली ही गफलत सगळ्यात वरच्या क्रमांकावर होती. ही चाचणी दुसऱ्याच्या साइटवर विनापरवानगी करू नका, तो गुन्हा ठरू शकतो.

दुसरी वाट म्हणजे सामाईक लॉगिन. अकाउंट्समधल्या चौघांना मिळून एकच ‘ॲडमिन’ आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर. उद्या ग्राहक-पुरवठादारांची सगळी यादी कुणीतरी डाउनलोड करून नेली, तर लॉगमध्ये, म्हणजे कुणी काय केलं याच्या सिस्टिममधल्या नोंदीत, फक्त ‘ॲडमिन’ दिसेल. मग संशय चौघांवर, आणि त्यातले तिघे निर्दोष. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन देणं हा कामगारांवर अविश्वास नाही, उलट त्यांच्याच बचावाची सोय आहे.

तिसरी वाट गूगल शीटची लिंक. घाईत ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय निवडला जातो, लिंक ग्रुपवर पडते, ग्रुपमधून पुढे जाते. काम संपतं पण लिंक चालूच राहते. आज दुपारी वेळ काढून तुमच्या ड्राइव्हमधल्या अशा फायली शोधा आणि शेअरिंग बंद करा.

आणि चौथी, नोकरी सोडून गेलेली माणसं. फुल अँड फायनलचा चेक निघतो, लॅपटॉप जमा होतो, पण सीआरएमचं (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) लॉगिन आणि ऑफिसच्या ईमेलचा फोनवरचा ॲक्सेस तसाच राहतो. लॉगिन बंद झाल्याची सही घेतल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर द्यायचं नाही, असा नियमच करा.

गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो पाठवतं. चालतं का?

कोकणातल्या होमस्टेपासून शहरातल्या भाड्याच्या फ्लॅटपर्यंत हे रोज चालतं आणि ते थांबायला हवं. फोटो आला की तो गॅलरीत जातो, तिथून गूगल फोटोजच्या बॅकअपला, शिवाय ‘रूम नंबर ३ चे पाहुणे’ म्हणून केअरटेकरला फॉरवर्ड होतो. एका आधारच्या चार-पाच प्रती तयार होतात आणि मालकाला त्यातली एकच आठवते.

पाहुण्यांची ओळख पटवून नोंद ठेवावी लागते, परदेशी पाहुण्याची माहिती सरकारकडे कळवावी लागते, हे खरं. पण त्यासाठी पूर्ण आधार क्रमांक जवळ ठेवायची गरज नसते. ‘मास्क्ड’ आधार मागा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. आधार देणाऱ्या युआयडीएआय या संस्थेच्या साइटवरून ते ज्याचं त्याला डाउनलोड करता येतं. किंवा मतदार ओळखपत्र, लायसन्स चालेल असं सांगा. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याच्या कलम ५७ मधला खासगी कंपन्यांना आधार वापरायची मोकळीक देणारा भाग रद्द केला. ‘आधारच पाहिजे’ असं म्हणण्याआधी तसा कायदेशीर आधार आपल्याकडे आहे का, ते तपासा.

संमती कशी घ्यायची? फॉर्मखाली ‘मला अटी मान्य आहेत’ एवढं पुरेल का?

पुरणार नाही. कुठली माहिती, कशासाठी, संमती मागे कशी घ्यायची आणि तक्रार कुठे करायची, हे साध्या भाषेत वेगळं सांगावं लागतं. आधीच टिक केलेला चौकोन ही संमती धरली जात नाही. नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. मराठी आणि कोकणी दोन्ही त्या यादीत आहेत. ज्या गिऱ्हाइकाशी आपण दिवसभर मराठीत बोलतो, त्याला सही करायला इंग्रजी कागद पुढे करण्याचं काही कारण उरलेलं नाही.

एका दवाखान्याच्या अपॉइंटमेंट पानासाठी असा मजकूर लिहिता येईल:

‘तुमचं नाव आणि मोबाइल नंबर आम्ही अपॉइंटमेंट देण्यासाठी आणि तिची आठवण करून देण्यासाठी घेतो. दुसऱ्या कुणाला देत नाही. ही संमती तुम्ही याच पानावरून केव्हाही मागे घेऊ शकता. तक्रार असेल तर आधी आमच्याकडे आणि नंतर डेटा संरक्षण बोर्डाकडे करता येईल. आरोग्य शिबिरांचे मेसेज हवे असतील तरच खालच्या चौकोनात टिक करा. टिक केली नाही तरी अपॉइंटमेंट मिळेल.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. जाहिरातीची संमती सेवेला जोडून घेता येत नाही. आणि संमती एका क्लिकवर घेतली असेल तर मागे घ्यायला ऑफिसात अर्ज करायला लावता येणार नाही. देणं जितकं सोपं, मागे घेणंही तितकंच सोपं हवं.

बिल करताना मोबाइल नंबर मागणं चूक आहे का?

मागायला हरकत नाही, सक्ती चूक आहे. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही दुकानदारांना हेच बजावलं. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये नंबरचा रकाना सक्तीचा असेल तर व्हेंडरकडून तो ऐच्छिक करून घ्या. काउंटरवर मोठ्याने नंबर सांगायला लागणाऱ्या मुलीला नंतर कुणाचे मेसेज येतात, हे आपल्याला कधी कळत नाही. तिला मात्र ते सोसावं लागतं.

कामगारांची माहिती घ्यायला त्यांची संमती लागते का? त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या ॲपचं काय?

नोकरीच्या कारणासाठी लागणारी माहिती आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी लागणारी माहिती वापरायला कायद्याने संमतीशिवाय मुभा दिली आहे. पगार, पीएफ, हजेरी, गोपनीय ड्रॉइंग बाहेर जाऊ नयेत म्हणून ठेवलेला लॉग हे त्यात बसतं. या मुभेचा अर्थ ताणू नये असं माझं ठाम मत आहे. सेल्सच्या मुलाच्या फोनवरचं लोकेशन ॲप ड्युटी संपल्यावर, रविवारी, तो देवळात असतानाही चालू राहणं हे नोकरीच्या कारणात कसं बसेल? ड्युटीच्या वेळा ॲपमध्येच घालून द्या, त्याबाहेर नोंद बंद. आणि हे ॲप काय टिपतं ते त्याला आधी सांगा.

अंगठ्याच्या मशीनबद्दल: ठसे मशीनमध्येच राहतात की व्हेंडरच्या सर्व्हरवर जातात, हे विचारा. कार्डावर काम भागत असेल तर कार्डच वापरा.

क्लासमधल्या मुलांची माहिती?

कायद्याने १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. दहावी-बारावीच्या निकालानंतर फोटो, शाळेचं नाव आणि टक्के टाकून इन्स्टाग्रामवर पोस्ट करणाऱ्या क्लासचालकांनी हे खास लक्षात घ्यावं. प्रवेशाच्या वेळी घेतलेली सही त्या जाहिरातीला लागू पडत नाही, वेगळं विचारा.

जुनी माहिती किती वर्षं ठेवायची?

दुसरा कायदा सांगतो तितकी, आणि काम आहे तोवर. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षीचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने, कंपनीच्या हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. सिस्टिमचे लॉग नव्या नियमांनुसार किमान एक वर्ष. या कारणांत न बसणारं जे काही आहे, उदाहरणार्थ तीन वर्षांपूर्वी मुलाखतीला येऊन नाकारलेल्या उमेदवारांचे बायोडेटा, ते काढून टाका. बॅकअपमधूनही.

गळती झाली असं लक्षात आलं तर पहिल्यांदा काय करायचं?

मशीन फॉरमॅट करू नका. घाबरून लोक पहिलं तेच करतात आणि सगळा पुरावा पुसला जातो. ते मशीन नेटवर्कपासून तोडा, संबंधित पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, लॉगची प्रत काढून ठेवा.

मग घड्याळाकडे बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची असते. हा नियम आजही लागू आहे आणि छोट्या उद्योगांनाही आहे. नवे नियम लागू झाल्यावर बोर्डाला विनाविलंब प्राथमिक सूचना आणि ७२ तासांत सविस्तर माहिती द्यावी लागेल. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

ज्यांची माहिती गेली त्यांनाही कळवायचं आहे, प्रत्येकाला. काय गेलं, त्यामुळे काय होऊ शकतं आणि त्यांनी आता काय करावं, हे सांगायचं. मालकांना हा भाग सर्वात जड जातो, अब्रूचा प्रश्न वाटतो. पण ‘आमच्या नावाने ओटीपी मागणारा फोन आला तर देऊ नका’ हा एक मेसेज वेळेवर गेला तर एखाद्या पेन्शनरचे पैसे वाचतात.

२५० कोटी दंड म्हणतात. आमचा धंदाच बंद होईल!

सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटींपर्यंत आणि गळती न कळवल्याबद्दल २०० कोटींपर्यंत, या कमाल मर्यादा आहेत. रक्कम ठरवताना चुकीचं गांभीर्य, ती किती काळ चालली, पुन्हा झाली का, नुकसान कमी करायला काय केलं आणि दंड प्रमाणात आहे का, हे बोर्डाने बघायचं आहे. म्हणून तुम्ही काय काळजी घेतली याचे कागद तारखेनिशी जपा.

या तरतुदीत मला खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून काही मिळत नाही. नवा कायदा पूर्ण लागू झाल्यावर भरपाईचं जुनं कलम ४३अ सुद्धा जाईल. ज्याचं नुकसान झालं त्याचीच बाजू इथे लंगडी राहिली आहे.

आमचे ग्राहक युरोपात आहेत. भारतीय कायदा पाळला की झालं का?

युरोपातल्या लोकांना माल किंवा सेवा देत असाल तर तिथला डेटा संरक्षण कायदा जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू झालेला, पुण्यात बसूनही लागू होतो. हिंजवडीतल्या कंपन्यांना हे पाठ आहे. द्राक्षं-हळद पाठवणाऱ्या निर्यातदारांनी तिकडच्या खरेदीदाराचा करार डेटाच्या कलमांसकट वाचावा.

मी स्वतः ग्राहक आहे. माझी माहिती कंपनीकडून पुसून घ्यायची असेल तर?

तुमची कुठली माहिती आहे आणि कुणाला दिली आहे हे विचारण्याचा, दुरुस्त करून आणि पुसून घेण्याचा हक्क कायदा देतो. आपल्या पश्चात हे हक्क कुणी वापरावेत यासाठी नॉमिनीही नेमता येतो. हे हक्क मुख्य तरतुदींबरोबर लागू होतील. आधी कंपनीकडेच तक्रार करावी लागते, उत्तर द्यायला तिला जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात. त्यानंतरच बोर्डाकडे जाता येतं, आणि बोर्डाचा निर्णय पटला नाही तर टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे अपील. बोर्डाचं कामकाज ऑनलाइन आहे, दिल्लीला खेपा घालाव्या लागणार नाहीत. कंपनीला फोनवर सांगून थांबू नका, ईमेल करा, म्हणजे ९० दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे यावर वाद राहणार नाही.